अकरा जणी, एक वजा

कापडावर अकरा बायका होत्या आणि एक पुरुष. पुरुष मेलेला होता.

कापड सुती, मोरपंखी रंगाचं, ऐंशी सेंटीमीटर लांब. चारही कडा कात्रीने कापलेल्या, कुठेही शिवण नाही, टाका नाही. मधोमध पीळ घातल्याच्या सुरकुत्या. पुरुषाच्या पेशी त्या पिळाच्या जागी होत्या, तोंडाच्या आतल्या, लाळेसकट, हजारांच्या घरात. बायकांच्या पेशी कापडभर विखुरलेल्या. पोलिसांनी ‘हात कुणाकुणाचे?’ एवढंच विचारलं होतं, म्हणून यंत्राने बायकांच्या फक्त तळहाताच्या पेशी मोजल्या होत्या. कुणाच्या चाळीस, कुणाच्या बारा, एकीच्या तर जेमतेम सहा. अहवालाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, यंत्राने काय काय वगळलं तेही होतं. माणसाच्या नसलेल्या सर्व पेशी. उन्हाने झालेली मोडतोड, दुरुस्त करून. आणि प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याच्या सतरा पेशी.

शर्वरी सावर्डेकरने ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. कर्मचारी क्रमांक तिचाच होता.

आधी तिला स्वतःचाच राग आला. तपासणाऱ्याच्या पेशी नमुन्यात सांडणं म्हणजे स्वयंपाकिणीच्या भाजीत तिचाच केस निघणं. या नोकरीत तिच्याकडून असं एकदाही झालं नव्हतं. हातमोजे दुहेरी, तोंडाला पट्टी, आणि कापड उलगडलं तेही यंत्राच्या चिमट्याने. तिने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. अशा सांडलवंडीसाठीच सगळ्या कर्मचाऱ्यांचे ठसे यंत्रात आधीपासून भरून ठेवलेले असत. सापडले की यंत्र ते मुकाट्याने वजा करी आणि पुढे जाई. कुणी विचारतही नसे.

“अकरा बायका!” निरीक्षक दिग्विजय खराडे खुर्चीत बसता बसता म्हणाले. “एका वॉचमनला मारायला अकरा बायका, मॅडम? बचत गटाची मीटिंग होती की काय?”

शर्वरीला हसू आलं नाही. खराड्यांनाही ते फारसं अपेक्षित नव्हतं.

मणेरवाडीच्या माळावर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं आणि तिथे शामराव नावाचा वयस्कर वॉचमन. चोरांनी बेदाण्याच्या पेट्या टेंपोत भरल्या. शामराव ओरडू नये म्हणून हे कापड पिळून त्याच्या तोंडात कोंबलं आणि मागे गाठ मारली. सकाळी माणसं आली तेव्हा तो गुदमरून गेलेला होता. कुलपावर, पेट्यांवर, दारावर कुणाचाही ठसा नव्हता. स्तरवाचक यंत्र आल्यापासून चोर हातमोजे घालायला शिकले होते. हल्ली गुन्ह्याच्या जागी हात सापडत ते गुन्हा न केलेल्यांचे. पण ही गोष्ट अजून कायद्याच्या ध्यानात आली नव्हती.

“तुम्हाला नुसते क्रमांक दिसतात, आम्हाला नोंदणीतून नावं मिळतात,” खराडे म्हणाले. “सध्या शेवटच्या हाताचं तेवढं काढलंय. आक्काताई हेगडे. कोल्ड स्टोरेजच्या रस्त्याला तिचं भाकरी केंद्र आहे. शामरावला रोज संध्याकाळचा डबा तीच द्यायची. आतली बातमी तिने दिली, दार तिच्या हाकेला उघडलं. हे कापड म्हणजे तिच्या केंद्रातलं हात पुसायचं फडकं. बाकीच्या दहा तिच्या गिऱ्हाईक असणार. भाकरी घेतात, हात पुसतात, जातात. बसतंय की सगळं!”

“बसतंय,” शर्वरी म्हणाली. खरंच बसत होतं. “माझी एक शंका आहे. माझ्यापुरतीच.”

“लवकर फेडा. शेवटचा हात निघाला की जामीन नाही. उद्या ताज्या नमुन्यासाठी तिला इकडेच आणतोय.”

शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला येत तेव्हा शर्वरी त्यांना डीएनएचा ठसा समजावून सांगे. आपल्या डीएनएत काही ठिकाणी चार अक्षरांचा तोच तो शब्द, बोलताना कुणी अडखळावं तसा, पुन्हा पुन्हा येतो. एकाच्यात एका ठिकाणी तो सात वेळा येतो, दुसऱ्याच्यात अकरा वेळा. एका ठिकाणचा आकडा लाखो लोकांत सारखा असू शकतो. पण अशी चोवीस ठिकाणं घ्यायची, प्रत्येक ठिकाणी आईकडून आलेला एक आणि बापाकडून आलेला एक असे दोन आकडे मांडायचे, की अठ्ठेचाळीस आकड्यांची जी माळ होते ती जगात दुसऱ्या कुणाची नसते. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा.

पूर्वी चार माणसांच्या पेशी एकत्र आल्या की या आकड्यांची खिचडी होई. स्तरवाचक यंत्र एकेक पेशी सुटी करून वाचतं. ती शरीरात कुठली, हेही त्याला कळतं. तळहाताची पेशी वेगळी, तोंडातली वेगळी, डोळ्याच्या आतल्या अस्तराची आणखी वेगळी. ती आसवांबरोबरच बाहेर येते. शिवाय पेशी गळून किती काळ झाला याचाही अंदाज यंत्र देतं. अंगावरून गळालेल्या पेशीतला डीएनए कुजक्या दोऱ्यासारखा तुटत जातो. तुकडे जितके आखूड, तितकी पेशी जुनी. त्यामुळे कुठल्याही वस्तूवरचे हात ओळीने मांडता येतात. पहिला, दुसरा, शेवटचा. यंत्र शिकलं ते सुऱ्यांवर, सदऱ्यांवर आणि गाड्यांच्या चाकांवर. न्यायालयांनी ‘शेवटचा हात’ हे शब्द उचलले आणि बघता बघता ते कायद्यात जाऊन बसले.

शर्वरीने वजा झालेल्या सतरा पेशींचं वय मागवलं. सांडल्या असतील तर त्या आजच्या असायला हव्या होत्या.

वय आलं दोन वर्षांच्या आसपास. तिसरी आणि चौथी यांच्या बरोबर मध्ये.

दोन वर्षांपूर्वी हे कापड प्रयोगशाळेत नव्हतं. म्हणजे पेशी सांडल्या नव्हत्या. तेव्हा कधीतरी, हातमोजे न घालता, तिने हे कापड स्वतःच्या हातात घेतलं होतं.

मग तिने उरलेल्या अकराजणींचे आकडे एकमेकींशी ताडून पाहिले. चौथी आणि पाचवी यांचा प्रत्येक ठिकाणचा एकेक आकडा जुळत होता. मायलेकी. बाकीच्यांचं कुणाशी काही नातं नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, जी तिला खराडे समोर बसले असतानाच खटकली होती. फडक्याला तेच ते हात पुन्हा पुन्हा लागतात. इथे प्रत्येक बाई एकदाच आली होती. तिने कापड घेतलं, काही दिवसांनी, काही महिन्यांनी दुसरीच्या हातात दिलं, आणि ती पुन्हा कधी आली नाही.

मोरपंखी. ऐंशी सेंटीमीटर. कधीही न शिवलेलं.

ब्लाउजपीस. ओटीतला.

शर्वरी मागे टेकून बसली. ओटीत आलेला ब्लाउजपीस सहसा कुणी शिवत नाही. तो कपाटातल्या पिशवीत जातो, आणि घरी कुणी सवाष्ण आली की तांदूळ-नारळाबरोबर तिच्या पदरात पडतो. तिथून तिच्या पिशवीत. पथ्य एकच, ज्या घरून आला त्या घरी परत जाता कामा नये. असं एखादं कापड वर्षानुवर्षं गावभर हिंडतं आणि त्याचं मालक कुणीच नसतं.

दोन वर्षांपूर्वी शर्वरीची ओटी एकदाच भरली होती. सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. बायका एकेक करून पुढे येत होत्या, मांडीवर कापडांचा ढीग वाढत होता आणि तिची नणंद मधुरा नारळ उचलून बाजूला ठेवत होती. आठव्या महिन्यात बाळाचे ठोके लागेनासे झाले. दवाखान्यातून घरी आल्यावर शर्वरी सासूशी पहिलं वाक्य बोलली होती ते हे: “आई, त्या सगळ्या ओट्या नदीत सोडून या. मला पुन्हा दिसायला नकोत.”

विजयमाला गेल्याही होत्या. पिशवी घेऊन गेल्या आणि रिकाम्या हाताने आल्या.

दुसऱ्या दिवशी आक्काताईला आणलं. पन्नाशीची ठसठशीत बाई, बोटांवर तव्याचे जुने चटके. शर्वरीने कापसाची काडी पुढे केली तशी तिने तोंड उघडलं, पण बोलायला.

“त्या यंत्राला म्हनावं, शामराव सा वर्सं माज्या हातचं जेवलाय. त्येच्या डब्यावर बी माजंच हात घावत्याल. मग काय भाकरीनं मारला म्या त्येला?”

“मावशी, गप बसा,” सोबतची हवालदारीण म्हणाली.

“आगं, गप बसूनच हितवर आलीया.”

गुन्ह्याबद्दल बोलायची शर्वरीला परवानगी नव्हती. तिने काडी फिरवली, नळीत घातली, झाकण लावलं. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही अलीकडे कुणाची ओटी भरलीत?”

आक्काताईने तिच्याकडे असं पाहिलं, की हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. “हे आनि काय इचारनं? मरगाईची भरली. ओढ्याच्या पल्याड न्हाई का, माळावर, उगड्यावर बसलीया ती. पोरीचं लगीन जमलं म्हनून.”

“कापड कसलं होतं?”

“कापडासारकं कापड. पिशवीत हात घातला, आलं ते घेतलं. वटीच्या कापडाचा रंग कोन ध्यानात ठिवतंय?”

“आणि कुणी दिलेलं?”

“तुमी ठिवताय व्हय ध्यानात? तुमाला कुनी कुनी काय काय घातलं ते?”

शर्वरीने नळीवर क्रमांक लिहिला. “मग ती ओटी तिथेच ठेवलीत?”

“देवीची वटी घरला आनत्यात व्हय? नारळ पोरं न्हेत्यात, तांदूळ पाखरं खात्यात. कापड पडतंय उनात.” ती उठली, पदर सारखा केला. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाली, “लगीन वैशाखात हाय. काल पावनं येऊन गेलं. बोललं काय न्हाई. च्या बी घेतला न्हाई त्येंनी.”

तिला घेऊन गेले. शर्वरीने नळी खोक्यात ठेवली. कापड पडतंय उनात.

उन्हातला अतिनील प्रकाश डीएनएवर एक ठरावीक इजा करतो. शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतो. जितकं ऊन जास्त, तितक्या जोड्या जास्त. ही चिकटलेली अक्षरं वाचताना अडतात, म्हणून यंत्र ती आधी दुरुस्त करतं, मगच वाचतं. किती दुरुस्त केली ते कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. कापड आक्काताईच्या हातून निघाल्यावर माळावर पडून राहिलं असेल, तर सगळ्या बायकांच्या पेशींवर सारखंच ऊन सापडेल. शामरावच्या लाळेवर मात्र ते सापडणार नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये ऊन नव्हतं, आणि पोलिसांनी कापड सीलबंद केलं ते अजून अंधारातच होतं. ऊन दोन्हींच्या मध्ये पडलं असेल, तर शेवटचा हात बांधणारा हात नव्हता.

पण अहवाल बंद झाला होता. बंद अहवाल तपासणाऱ्याच्या मनात आलं म्हणून उघडता येत नसे. आधीच्या अहवालात चूक आहे असं सहीनिशी लिहून द्यावं लागे. चूक तर एकच होती. सांडलेल्या म्हणून वजा केलेल्या सतरा पेशी सांडलेल्या नव्हत्या.

घरात तुपाचा वास भरला होता. विजयमाला कढईत डिंक तळत होत्या. पुढच्या आठवड्यात मधुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, त्याची ही तयारी. शर्वरीचा नवरा विक्रांत नोकरीमुळे पुण्याला, शनिवारी येणारा. बाकीचे दिवस घरात या दोघीच.

“आई,” शर्वरी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. “माझ्या ओट्या तुम्ही नदीत सोडल्या होत्या ना?”

झारा थांबला नाही. “कुठल्या ओट्या?”

“डोहाळजेवणातल्या.”

“आज कुठून आठवण झाली?”

“त्यातला एक ब्लाउजपीस माझ्या टेबलावर आलाय. त्यावर माझे हात आहेत. माझ्यानंतर तुमचे. तुमच्यानंतर मधुराचे.”

विजयमालांनी फुललेला डिंक ताटात काढला, मग गॅस बंद केला. “यंत्रानं नावं सांगितली?”

“नावं नाही सांगत. माझ्यानंतरच्या दोघी मायलेकी आहेत, एवढंच सांगितलं. पुढचं मी विचारतेय.”

“गेले होते मी नदीवर,” विजयमाला म्हणाल्या. “घाटावर उभी राहिले. चांगलं रुबियाचं कापड, कोरं करकरीत. नदीत कशाला घालायचं? आणलं परत. झालं समाधान?”

“आणि वाटून टाकलंत.”

“घरात बायका येतात-जातात. प्रत्येक वेळी नवं कुठून आणू?”

शर्वरीला दवाखान्यातला दिवस आठवला. विक्रांत भिंतीला डोकं टेकून रडत होता, मधुरा रडत होती, आणि विजयमाला परिचारिकेला विचारत होत्या, की हिला जेवायला काय द्यायचं. घरी येऊन त्यांनी कुकर लावला होता. त्यांच्या डोळ्यांतून एक टिपूस आलेलं शर्वरीने पाहिलं नव्हतं. ना त्या दिवशी, ना नंतर. तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती. कोरं करकरीत कापड. तेवढंच दिसलं होतं त्यांना.

तिने खुर्ची ओढली आणि शामराव, आक्काताई, मरगाई, ऊन, सगळं ओळीने सांगितलं. विजयमाला डिंक वाटीने चुरत ऐकत होत्या.

“मग सांडल्या म्हण की,” त्या शेवटी म्हणाल्या. “यंत्रानंच वजा केलंय ना? तू कशाला परत मिळवतेस?”

“मिळवलं नाही तर कापड पुन्हा तपासता येत नाही. ती बाई आत जाईल.”

“वकील असतो, कोर्ट असतं.”

“शेवटचा हात निघाल्यावर कोर्ट काही विचारत नाही.”

“आणि मधुराची सासू? ती विचारणार नाही?” वाटी ताटावर आदळली. “तिला मांजर आडवं गेलेलं चालत नाही. जिचं मूल पोटातच गेलं तिच्या ओटीतलं कापड, आणि ते आईनंच लेकीला घातलं! पाठवतील तिला इथे? आणि अशा किती घरांत गेल्यात त्या ओट्या. गोसाव्यांची सून, मोरे बाईंच्या दोघी लेकी... मला कुणी उंबऱ्यात उभं करेल?”

“तुम्ही मानता हे?”

“मानत असते तर माझ्या पोरीला दिलं असतं का?” विजयमाला तिच्याकडे बघत म्हणाल्या. “पण मी एकटीनं न मानून काय होतंय?”

शर्वरीने ताटाबाहेर उडालेले डिंकाचे कण गोळा केले.

“दुसरी काही चूक दाखवता येत नाही?” आवाज खाली आणून विजयमालांनी विचारलं.

“दुसरी चूक झालीच नाही, आई.”

विजयमालांनी पुन्हा गॅस पेटवला. “सरक. तूप गार होतंय.”

शर्वरीने लिहून दिलं. दोन ओळी पुरल्या. अहवालात वजा केलेल्या सतरा पेशी प्रयोगशाळेत सांडलेल्या नसून, मूळ कापडावरच्या आहेत. त्या माझ्या आहेत.

त्याच दिवशी तिचं यंत्राचं कार्ड बंद झालं. कापड दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं. तिने आजवर दिलेले सगळे अहवाल फेरतपासणीसाठी मागवले गेले. जिला स्वतःचे हात ओळखता आले नाहीत तिने दुसऱ्यांचे काय ओळखले असतील, असं वरिष्ठ तोंडावर म्हणाले नाहीत, पण पत्राचा अर्थ तोच होता. खराडे जबाब घ्यायला आले तेव्हा ती अभ्यागतांच्या बाकावर बसलेली होती.

“अकराच्या बारा केल्यात तुम्ही, मॅडम.”

“बाराच होत्या.”

“तुमच्याकडे कापड कधी आलं, कशानिमित्त?”

तिने सांगितलं. डोहाळजेवण, आठवा महिना, नदी. खराड्यांचं पेन आधी चालत होतं. मग थांबलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आमच्या घरी कपाटात अशी पिशवी आहे,” ते म्हणाले. “दार उघडलं की अंगावर पडते. मी रोज शिव्या घालतो.” मांडीवरची टोपी फिरवत म्हणाले, “मला सुचायला पाहिजे होतं.”

“यंत्रालाही नाही सुचलं. त्याला आपण सदरे आणि सुऱ्याच दाखवल्या.”

आता बाराही जणींच्या घरी पोलिसांनी जाऊन विचारायचं होतं. कापड कुणाकडून आलं, कुणाला दिलं. बातमी त्यांच्या जीपच्या आधी पोचली. मोरे बाई संध्याकाळच्या फिरण्याला वेगळ्या रस्त्याने जाऊ लागल्या. मधुराच्या सासूने फोन करून कळवलं, की बाळंतपण इकडेच करू, तुम्हाला उगाच त्रास नको. विजयमालांनी ‘बरं’ एवढंच म्हटलं. डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांनी पार्सलने पाठवला. तो तसाच, न उघडता परत आला. तो त्यांनी फडताळात वरच्या फळीवर ठेवला.

मधुराचा फोन शर्वरीला आला, दुपारी, दबक्या आवाजात. “वहिनी, राग नाही असं मी म्हणणार नाही. पण आई जेवतेय का?”

“जेवतात.”

“तुझ्याशी बोलते?”

“मीठ दे, दार लाव, एवढं.”

“म्हणजे बोलते,” मधुरा म्हणाली, आणि कुणी आलं असावं, तिने फोन ठेवला.

दुसरा अहवाल आधी न्यायालयात गेला. खराड्यांनी फोनवर कळवलं, की आक्काताई सुटली, आणि माळावरच्या त्या रस्त्याने गेलेल्या टेंपोंचा शोध चालू आहे. “तिचा निरोप आहे तुम्हाला. पावनं आल्तं, च्या घिऊन गेलं. एवढंच सांगा म्हणाली.”

ज्यांचे ठसे सापडले त्या सगळ्यांना अहवालाची प्रत पाठवायचा नियम होता. त्या आठवड्याच्या शेवटी सावर्डेकरांच्या घरी दोन लखोटे आले. एक शर्वरीच्या नावाने, एक विजयमालांच्या. विजयमाला स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी आपला लखोटा शर्वरीपुढे सरकवला.

“वाच. माझा चष्मा आत आहे.”

“माझ्यात तेच आहे, आई.”

“मग तुझा वाच. सगळं वाच.”

शर्वरीने लखोटा फोडला. त्या प्रयोगशाळेने या वेळी काहीच वगळलं नव्हतं. माणसाचं, माणसाचं नसलेलं, ऊन, सगळ्या प्रकारच्या पेशी, जे होतं ते सगळं मोजलं होतं. ती वाचू लागली. विजयमाला शेंगा सोलत होत्या.

“सुती कापड, एक. स्त्रिया बारा, पुरुष एक. माणसाखेरीज: नारळ, तांदूळ, हळद, झेंडू, कुत्र्याची लाळ. बाराही स्त्रियांच्या पेशींवर उन्हाचा परिणाम सारखा, सुमारे सत्तर तासांचा. मृत पुरुषाच्या पेशींवर उन्हाचा परिणाम शून्य.” तिने पान उलटलं. “पहिली: तळहाताच्या पेशी बारा, अन्य नाहीत. दुसरी: तळहाताच्या तेवीस, अन्य नाहीत. तिसरी: तळहाताच्या सहा, अन्य नाहीत. चौथी: तळहाताच्या सतरा, अन्य नाहीत.”

चौथी म्हणजे ती स्वतः. शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

“पाचवी,” शर्वरीने वाचलं. “तळहाताच्या पेशी एकोणीस. डोळ्याच्या अस्तराच्या पेशी दोनशे सहा.”